बेल आऊट

माझी पोस्टिंग नगरला आली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगं घरीच आलं. सुपा ते नगर म्हणजे एसटीतली एक डुलकी. पण कॅन्टोन्मेंटच्या गेटातून आत गेलं की गाव बाहेर राहतं, मग ते वीस कोसांवर असो की दोन. मी रणगाड्याचा ड्रायव्हर होतो. आमच्या रणगाड्यांच्या दलात साध्या शिपायाला सवार म्हणतात आणि हवालदाराला दफेदार. घोडे केव्हाच गेले, नावं राहिली. एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष होत आलं होतं. आमची तुकडी भिंगारच्या बाजूला लायनीत उतरली होती. सकाळी पीटी, मग गाड्यांची, म्हणजे रणगाड्यांची, देखभाल, आणि आठवड्यातले काही दिवस फायरिंग रेंज. बाहेर बहात्तरचा दुष्काळ चालला होता.

लोक मला लढाईबद्दल विचारतात. विचारलं की मी सांगतो. पण मला स्वतःला सांगावीशी वाटते ती गोष्ट लढाईतली नाही. एका इंग्रजी शब्दापायी आमच्या गाडीचा गनर, म्हणजे तोफ डागणारा, गेला. आणि गेल्यावर वर 'हुकूम मोडून मेला' असा शिक्का त्याच्या नावावर बसता बसता राहिला. तेवढंच सांगणार आहे.

गनरचं नाव भानुदास. घोडेगावचा. त्याचा बाप तिथल्या बाजारात बैलांचा दलाल होता, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभा राहून सौदा जुळवणारा. भानुदास चालायला लागला तो बैलांच्या पायांतून. दात न बघता तो बैलाचं वय सांगायचा. तीच नजर त्यानं तोफेच्या दुर्बिणीला लावली होती. लांबच्या माळावरचं टार्गेट आम्हाला दिसायच्या आत त्याला दिसायचं. बाकी गडी थट्टेखोर, खायला दांडगा, आणि शाळेचं म्हणाल तर सातवीतून पळालेला.

आमच्या गाडीला नवे कमांडर आले, लेफ्टनंट कपूर. वय माझ्याहून कमी. डोंगरावरच्या कुठल्याशा बोर्डिंग शाळेत शिकलेले, त्यामुळे इंग्रजी अस्सल. माणूस वाईट नव्हता. आधीचे साहेब हुकूम हिंदीत द्यायचे. कपूर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इंटरकॉमवर आणि वायरलेसवर यापुढे इंग्रजी आणि फक्त इंग्रजी. तुकडीत केरळचे होते, बंगालचे होते, हरयाणाचे होते, आम्ही होतो. लढाईत प्रत्येकानं आपापल्या भाषेत ओरडायला सुरुवात केली तर काय होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात काही चूक नव्हती. महिन्याभरानं परीक्षा. जो नापास होईल तो गाडीतून उतरणार आणि स्टोअरमध्ये किंवा लंगरात जाणार.

भानुदासचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला. तो मला म्हणाला की लंगरात कांदे चिरायचे तर मी घोडेगावात काय वाईट होतो.

वर्ग भरायचा लायनीमागच्या लिंबाखाली. शिकवायला एज्युकेशन हवालदार शेख, भिंगारचेच. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मास्तर मराठी बोलायचे, हिंदी बोलायचे, आणि इंग्रजी आपल्या देशी पद्धतीनं, एकेक अक्षर स्वच्छ. रोज काही शब्द आणि काही नेहमीची वाक्यं. हाऊ डू यू डू, याचं उत्तर हाऊ डू यू डू. भानुदासनं हात वर करून विचारलं, मास्तर, प्रश्नालाच प्रश्न टाकला तर मग बोलणं पुढं सरकायचं कसं? मास्तर म्हणाले, सरकत नाही, तिथंच संपतं, साहेब लोकांना तेवढंच बोलायचं असतं.

'आय बेग युवर पार्डन' या वाक्यावर तर तो अडूनच बसला. बेग म्हणजे भीक मागणे, हे मास्तरांनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. ऐकू आलं नाही तर भीक कशाला मागायची, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी समजावलं की याचे दोन उपयोग आहेत. ऐकू आलं नाही तर म्हणायचं, आणि मोठ्या माणसाचं बोलणं अदबीनं खोडायचं असेल तरी म्हणायचं. भानुदास म्हणाला, मोठ्या माणसाचं बोलणं मी खोडतच नाही, त्यामुळे हे वाक्य मला माफ करा. सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले.

पाठांतर त्याला जमेना. मग त्यानं आपली एक रीत काढली. प्रत्येक इंग्रजी शब्दाला तो मराठीचा खुंटा ठोकायचा. 'हॉल्ट'ला तो 'हाल्ट' म्हणायचा. साहेबानं हाल म्हटलं की हालायचं न्हाई, ही इंग्रजांची उलटी रीत, असं पाठ. 'लोड' म्हणजे तक्क्या, तो सरकवला की गोळा आत. आणि 'बेल आऊट'. गाडीला आग लागली किंवा गोळा बसला तर सगळ्यांनी क्षणात बाहेर पडायचं, त्याचा हा हुकूम. मास्तर तो सरळ 'बेल' असाच म्हणायचे. भानुदासनं लगेच खुंटा ठोकला. महादेवाला जायचं, बेल वाहायचा, आऊट व्हायचं. देवळात रेंगाळायचं नाही. मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण परीक्षेत त्याला विचारलं तेव्हा उत्तर बरोबर आलं. पास झाला. गनरची सीट राहिली. त्या दिवशी त्यानं आम्हाला भिंगारच्या बाजारात भजी खाऊ घातली. त्यानंतर त्याच्या बोलण्याला इंग्रजी शेपूट फुटलं. भाकरी फिनिश. एसटी गॉन. चहा कमिंग.

आता रेंजवरची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दुष्काळात माळावर कुठं काडी राहिली नव्हती. रेंजच्या हद्दीत माणूस फिरकत नसल्यामुळे थोडं वाळलं गवत शिल्लक होतं. लाल झेंडा लागलेला असला तरी गुरं आत शिरायची, कधी आपण होऊन, कधी गुराख्याच्या कानाडोळ्यानं. गुरं आली असं कळलं की गनरनं तोफ सेफवर टाकायची, म्हणजे चुकूनही उडणार नाही अशी, दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही, आणि गुरं कुठं आहेत ते कमांडरला सांगत राहायचं. ती बाहेर जाईपर्यंत जागा सोडायची नाही. भानुदास हे काम जीव लावून करायचा. इतरांना व्यत्यय वाटायचा. तो म्हणायचा की एक बैल मेला तर एक घर बसतं, दुष्काळात तर बसतंच.

तो गेला त्या दिवशी सकाळी बैल एकदा येऊन गेले होते. फायरिंग थांबलं, गुराख्याला शिव्या बसल्या, बैल हाकलले गेले, फायरिंग पुन्हा सुरू झालं. आमची गाडी तिसरी होती. मी पुढं ड्रायव्हरच्या सीटवर. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, तिघे. कपूर साहेब डोकं बाहेर काढून उभे. त्यांच्या पायांशी, पुढच्या बाजूला, भानुदास दुर्बिणीला डोळा लावून. तोफेच्या पलीकडे गोळे भरणारा लोडर होशियार सिंग, हरयाणाचा. गनरला बाहेर पडायचं तर कमांडर बाहेर पडल्यावर त्याच्याच वाटेनं. त्याला स्वतंत्र झाकण नसतं. त्याला बाहेरचं जग दिसतं ते फक्त दुर्बिणीतून, आणि ते फक्त समोरचं.

दहा वाजून गेले होते. आम्ही दोन गोळे टाकले होते. इंजिननं एक आचका दिला आणि बंद पडलं. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात पेट्रोलचा वास आला. मागं इंजिनावर ज्वाळा निघाल्या होत्या. त्या फक्त कपूर साहेबांना दिसल्या, आणि त्यांनी तत्क्षणी हुकूम दिला. हेडसेटवर मी तो स्पष्ट ऐकला.

"बेइल आऊट! बेइल आऊट!"

होशियार सिंग त्याच्या झाकणातून निघाला. मी माझं झाकण उघडलं. साहेब वर चढले, आणि चढता चढता तिसऱ्यांदा तेच ओरडले. तेव्हा भानुदास बोलला. आवाज शांत होता.

"बैल कुठं हायेत साहेब? मला दिसंना. गन सेफ."

मी ते ऐकलं आणि बाहेर उडी घेतली, दोन्ही एकाच क्षणाला. हेडसेटची वायर तुटली. त्याच्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला तेव्हा मी जमिनीवर होतो. मी टरेटवर चढायला धावलो, ओरडलो, भान्या, आग लागलीय, बाहेर ये. कानावर हेडसेट असलेल्या माणसाला बाहेरची हाक ऐकू जात नाही. कपूर साहेब पालथे पडून दोन्ही हात आत घालून त्याची कॉलर ओढत होते. मग आतून जाळ आला. दुसऱ्या गाडीच्या लोकांनी आम्हा दोघांना खाली ओढलं. साहेबांचे हात कोपरापर्यंत भाजले होते.

भानुदासला दुपारी काढलं. तो आपल्या सीटवर होता. मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, पण ओळख पटवायला कोणीतरी लागतं, म्हणून बघितलं. मग रेंजच्या शेडमागं जाऊन रडलो. त्यात लाज वाटण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

चौकशी बसली. फौजेत तिला कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. दुसऱ्या तुकडीचे एक मेजर अध्यक्ष होते, उत्तर प्रदेशाकडचे, केस पांढरे व्हायला लागलेले. आम्हा साक्षीदारांना एकाच खोलीत भिंतीशी बसवलं होतं. कपूर साहेबांनी हाताला बँडेज बांधलेल्या अवस्थेत साक्ष दिली, आणि ती खरी दिली. हुकूम तीनदा दिला, ते म्हणाले. गनरनं ऐकला, कारण उत्तर देताना त्यानं माझाच शब्द परत उच्चारला. बेइल, असं तो म्हणाला. मग 'ना' म्हणाला. शेवटी 'सेफ' म्हणाला. मला त्याचं मराठी येत नाही, पण मला कळलं ते असं की तो बाहेर यायला नकार देतो आहे, आत सुरक्षित आहे म्हणतो आहे. होशियार सिंगला विचारलं. त्यानंही 'ना' ऐकलं होतं आणि 'सेफ' ऐकलं होतं.

दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. 'दिसंना'तला ना त्यांनी उचलला, बाकी सगळं गेलं. जो माणूस रेंजवरची गुरं वाचवत होता, तो हुकूम मोडणारा ठरत होता. पेन्शनीचा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न असा की त्याच्या गावात हे कोणत्या तोंडानं सांगायचं. फौजेत मेलेल्या माणसाचं नाव शाळेच्या भिंतीवर लागतं. हुकूम मोडून मेलेल्याचं कुठं लागत नाही.

मला इंजिनाबद्दल विचारलं, वासाबद्दल विचारलं, झाकणाबद्दल विचारलं. मी उत्तरं दिली. मेजर साहेब म्हणाले, दॅट विल बी ऑल, आणि पुढच्या कागदाकडे वळले. जायचा इशारा झाला होता. टाचा जुळवून मी सॅल्यूटही ठोकला. आणि मग तोंडातून वाक्य गेलं.

"आय बेग युवर पार्डन, सर."

मेजर साहेबांनी चष्मा काढला आणि हिंदीत म्हणाले, बोलो. मी हिंदीत सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. तो विचारत होता की बैल कुठं आहेत, मला दिसत नाहीत. आणि सांगत होता की तोफ सेफवर टाकली आहे. त्यानं हुकूम ऐकला तो 'बैल आऊट' असा. गुरं आली की काय करायचं हे आम्हाला घालून दिलेलं आहे, तेच त्यानं केलं. तोफेची तपासणी करणारे अधिकारी तिथंच बसले होते. त्यांनी कागद चाळून सांगितलं की सेफ्टी लिव्हर खरंच सेफवर सापडलं होतं, पण त्याला कोणी महत्त्व दिलं नव्हतं.

मेजर साहेबांना पटेना. ते म्हणाले, अरे, बैल आणि बेल यांचा संबंध काय? मी पण गावचा आहे, माझ्या घरी पण बैल आहेत. आणि ते म्हणाले तो शब्द होता 'बॅल'. तेव्हा मला गाठ सापडली. हिंदीवाल्यांचा बैल बॅल असतो. आपला बैल बइल असतो. मास्तरांनी शिकवलेला शब्द होता बेल, देवाला वाहायचा तो. आणि बोर्डिंग शाळेचा शब्द होता बेइल. घोडेगावच्या कानाला तो बैलच. मी हे मांडायचा प्रयत्न केला, पण एका भाषेतला फरक दुसरीत सांगून तिसरीत लिहून घ्यायचा होता, माझी जीभ अडखळायला लागली. मग म्हणालो, सर, लेफ्टनंट साहेबांना तो हुकूम इथं पुन्हा द्यायला सांगा, आणि दारावरच्या संत्रीला, त्या पहारेकऱ्याला, विचारा. तो पाथर्डीचा आहे. वर्गाला बसलेला नाही.

मेजर साहेबांनी कपूर साहेबांकडे पाहिलं. ते उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी तो हळू आवाजात दिला. मेजर म्हणाले, त्या दिवशी जसा दिला तसा. मग त्यांनी पूर्ण आवाजात हुकूम दिला. दोनदा. संत्री घाबरून दारात येऊन उभा राहिला. मेजर साहेबांनी त्याला विचारलं, साहेब क्या बोले?

"बैल आऊट झाले म्हनत्यात, साब," तो म्हणाला, आणि मागं वळून मोकळ्या मैदानाकडे बघायला लागला.

कोणी हसलं नाही. कपूर साहेब खाली बसले आणि बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले. मेजर साहेबांनी संत्रीला जायला सांगितलं आणि बराच वेळ स्वतःच्या हातानं लिहीत बसले. निकाल आला तो असा की हुकूम चुकीचा ऐकला गेला, गनर कर्तव्यावर मरण पावला. त्यानंतर आमच्या तुकडीत त्या हुकुमाला 'उतरो' हा शब्द आला. कपूर साहेबांनीच तो आणला.

साहेबांना दवाखान्यातून सोडल्यावर त्यांनी मला बोलावलं. घोडेगावला जायचं म्हणाले. आम्ही जीपनं गेलो. बाजाराचा दिवस होता. दुष्काळामुळे बैल खूप आणि घेणारा कोणी नाही. भानुदासचे वडील आम्हाला बघून गर्दीतून बाहेर आले. दोन जणांचा सौदा अर्धा टाकून आले होते. आम्हाला बाभळीखाली नेलं, चहा मागवला.

जीपमध्ये साहेब सारखे काहीतरी पुटपुटत होते. शेख मास्तरांकडून त्यांनी एक मराठी वाक्य शिकून घेतलं होतं, हे मला तिथं कळलं. ते उभे राहिले, अटेन्शनमध्ये, आणि म्हणाले, "बाबा, तैने हुकूम मोदला नाई."

मला वाटलं, म्हाताऱ्याला काही उमगणार नाही. मी नीट करून सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. कळलं मला." मग साहेबांचे हात बघितले, नवी गुलाबी कातडी आलेले, आणि मला विचारलं, "ह्येंनी वढायला हात घातलं व्हय?" मी हो म्हणालो. त्यांनी स्वतःच्या धोतरानं कपाची कड पुसली आणि साहेबांच्या हातात दिला.

हुकूम भानुदासच्या कानावर 'बैल' असा कसा पडला, ते मी चहा पिता पिता सांगितलं. निघताना ते जीपपर्यंत आले. साहेब पुढं बसले होते. म्हाताऱ्यानं मला थोडं मागं घेतलं.

"खरं सांग. बैल व्हते का तितं?"

"नव्हते."

"मग शेवटपत्तुर त्यो काय बगत बसला?"

मी म्हणालो, माळ. रिकामा माळ.

त्यांनी मान बाजाराकडे वळवली. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत.

"बगत व्हता न्हवं? मग झालं," म्हणाले, आणि अर्धा टाकलेला सौदा पुरा करायला परत गर्दीत गेले.

मी पुढं बरीच वर्षं नोकरी केली, बऱ्याच गाड्या चालवल्या. सवार भानुदास, घोडेगाव, आमचा गनर. त्याच्या सीटवर नंतर जो येऊन बसला, त्याचं नाव मला काही केल्या आठवत नाही.